आरमारातले पणजोबा

“मंग तुमची पणजी कोन होती? थे सांगा ना आधी मले. पणजी कोन होती?”

अण्णाजी आमच्या समोरच्या खोलीत उभे राहून इतक्या मोठ्यानं ओरडत होते, की त्या दुपारी अकोला स्टेशनातून सुटलेली गाडी बडनेऱ्यापर्यंत ते ऐकत गेली असणार. त्यांच्या डाव्या हातात आलूपोह्यांची बशी होती आणि उजव्या हातातला चमचा भिंतीवर रोखलेला होता. चमच्याच्या टोकाला कोथिंबिरीचं एक पान लोंबत होतं. भिंतीवर, सोनेरी फ्रेममध्ये, आरमारातला एक साहेब नेहमीसारखा शांत उभा होता. काळपट निळा कोट, सोनेरी बटणांच्या दोन रांगा, खांद्यांवर झालरी, कानापासून हनुवटीपर्यंत उतरलेले पिंगट कल्ले, काखेत दुर्बीण, आणि पाठीमागे धुरकट समुद्रात कलंडलेलं एक जहाज. कपाळावर गंध. गळ्यात झेंडूचा सुकलेला हार.

अण्णाजी म्हणजे सुधाकर मास्तरचे थोरले काका. सुधाकर माझ्या बहिणीला, सुमनताईला, पाहायला अमरावतीहून आला होता. सोबत त्याचे वडील होते, पण वडील नुसते पोहे खायला आल्यासारखे मान खाली घालून खात होते. त्यांच्या घरात शब्द चालायचा तो अण्णाजींचा. ते जन्मभर कोर्टात नाझर होते. लोकांच्या घरच्या भांड्याकुंड्यांची जप्ती करता करता त्यांना कुठल्याही घरात शिरलं, की भिंती आधी पाहायची सवय लागलेली. आणि भिंतीकडे पाहून त्यांनी विचारलं होतं, हे कोण? बाबा तोंड उघडणार, तेवढ्यात मी खिडकीतून बोलून गेलो होतो, “आमचे पणजोबा. आरमारात होते.”

मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. ते वाक्य मी आधीच्या पाच वर्षांत किमान अकरा हजार वेळा म्हटलेलं असल्यामुळे ते माझ्या तोंडातून निघत नसे, आपोआप गळत असे.

आता हे नीट समजायचं, तर आमचं घर समजून घ्यावं लागेल. बाबांचं अकोल्याला फ्रेमचं दुकान होतं. दुकान एवढं अरुंद, की लठ्ठ गिऱ्हाईक आत आलं तर बाबांना आधी बाहेर यावं लागे. मागच्या अंगाला आमचं घर. त्यामुळे माझं सगळं लहानपण तीन आवाजांत गेलं. हिरकणीनं काच कापतानाचा चर्र, पाठीमागे बारीक चुका ठोकण्याची टकटक, आणि काच चुकीची तडकली की बाबांनी स्वतःलाच हासडलेली शिवी. आमच्या वरणात लाकडाचा भुसा पडायचा. माय म्हणायची, पोटाले चांगला असते. दर गुरुवारी वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकर. त्या भाकरीवर बोट ठेवलं तर ठसा उमटे, इतकी मऊ. तशी भाकर पुढे मला कुणीही करून घातली नाही, हे मी बायकोसमोर एकदाच बोललो.

दुकानाची एक रीत होती. फोटो आला, की बाबा वहीत एक ओळ लिहायचे. नंबराची चिठ्ठी फाडून अर्धी गिऱ्हाइकाला द्यायची, अर्धी खळ लावून फोटोच्या पाठीवर डकवायची. गिऱ्हाईक अर्धी चिठ्ठी घेऊन येईल तेव्हा दोन्ही तुकडे जुळवून फोटो द्यायचा. पण पुष्कळ लोक येतच नसत. म्हाताऱ्याचा फोटो फ्रेम करायला टाकायचा आणि वाटण्यांची भांडणं सुरू झाली, की म्हाताऱ्याला विसरायचं. असे न नेलेले फोटो बाबा टाकून देत नसत, विकत तर मुळीच नसत. गिऱ्हाइकाची अमानत. आणि माणसाचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवायचा नाही, हा बाबांचा कायदा. “शिक्षा झालेलं पोट्टं आहे का थे?” असं ते विचारायचे. दुकानात जागा नाही, म्हणून ही सगळी माणसं आमच्या घरात टांगलेली. कुणाची तरी नथ घातलेली आजी, कुणाचे तरी पहिलवान मामा, एक नवपरिणीत जोडपं, दोघं जुळे भाऊ. घरात जिवंत चार आणि भिंतीवर एकतीस. नवीन पाहुणा आला की आधी हात जोडायचा, मग विचारायचा.

माय आणखी पुढे गेलेली. पितृपक्षात ती आमच्या आजोबांसोबत या सगळ्यांना गंध लावायची आणि सर्वपित्रीला प्रत्येकाला हार घालायची. मी एकदा विचारलं, कावून? तर म्हणाली, “कोनाचे तरी आहेत ना थे. घरच्यायनं आठोन नाही केली, तं आपन करून घेऊ.” साहेब भिंतीवर आला त्या वर्षी मायनं त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं. तो गोरा, निळ्या डोळ्यांचा, मेलेला की जिवंत ठाऊक नाही. मग पदरानं त्याचं कपाळ पुसलं आणि लावलं गंध. वर म्हणाली, ह्याचं तर इकडं कोणीच नाही.

साहेब इतर फोटोंसारखा नव्हता. तो फोटोच नव्हता. कापडावर तेलरंगानं काढलेलं फार जुनं चित्र होतं ते; कोरड्या तलावाच्या तळाला पडतात तशा बारीक भेगा त्याच्या गालांवर पडलेल्या. उंची माझ्या कमरेपासून वर टाळूपर्यंत. समोरच्या खोलीत माझ्या पलंगासमोर तो टांगलेला, म्हणजे झोपताना शेवटचं तोंड त्याचं आणि उठताना पहिलं तोंडही त्याचंच. अकरा वर्षांच्या, समुद्र न पाहिलेल्या पोराच्या समोर तुम्ही दुर्बीणवाला माणूस टांगून ठेवाल आणि तो पोरगा गप्प बसेल, असं होतं का? वऱ्हाडात तेव्हा समुद्र पाहिलेला माणूस सापडणं म्हणजे गिरणी चालू असताना शांतता सापडणं. आमच्याकडे दर्यापूर आहे, दर्या नाही. मी शाळेत सांगून टाकलं की हे आमचे पणजोबा.

मग त्यांची कारकीर्द मला घडवावी लागली. माझी चूक नाही, लोक विचारायचे. पणजोबा दर्यापूरकडच्या एका खेड्यातून पायी मुंबईला गेले, असं मी सुरुवातीला ठेवलं होतं. पहिल्या जहाजावर ते भांडी घासत. एका वादळात कप्तान उलथा पडला, तेव्हा पणजोबांनी सुकाणू धरलं आणि तीन दिवस, तीन रात्री सोडलं नाही. हात सुकाणूला चिकटले, ते शेवटी गरम तूप ओतून सोडवले. सहावीपर्यंत ते लेफ्टनंट झाले. सातवीपर्यंत त्यांच्या हाताखाली नऊ जहाजं होती. आठवीत आमच्या भूगोलाच्या मास्तरांनी सातही समुद्र शिकवल्यामुळे पणजोबांना सातही करावे लागले. अरबी चाचे चालून आले तेव्हा पणजोबांनी तोफेत वऱ्हाडी मिरचीची पूड भरून डागली आणि बारा गलबतांवरचे लोक शिंकत शिंकत पाण्यात पडले. एक देवमासा त्यांच्या ओळखीचा होता.

गोरे का? हा प्रश्न प्रत्येक वर्षी कुणीतरी विचारायचंच. मी सांगायचो, खाऱ्या पाण्यानं माणूस उजळतो. मीठ लावलेली कैरी पाहिली नाही का? डोळे निळे का? चाळीस वर्षं समुद्राकडे पाहा, म्हणजे कळेल. एकानंही उलट विचारलं नाही. अकोल्यातल्या लोकांचा मला आजही राग येतो तो यासाठी. एखाद्यानं तेव्हाच मला धरून चार ठेवून दिल्या असत्या, तर पुढचं टळलं असतं.

आणि आता कबूल करायची गोष्ट. मी बारा वर्षांचा असताना माझ्या वर्गातल्या एका पोरानं पुरावा मागितला. मी साहेबाला खाली उतरवलं, पाठीवरची बाबांची नंबराची चिठ्ठी भिजवून काढली, आणि तिच्या जागी एक मोठा कागद डकवला. कागद चहात बुडवून वाळवलेला. त्यावर दौतीच्या शाईनं, माझ्या सगळ्यात वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘आमचे परमपूज्य पणजोबा यांची आरमारातील कारकीर्द’, आणि खाली सतरा ओळी. खाली सहीसुद्धा होती, पणजोबांची, मोडीसारखी वाटेल अशी. इतकं चांगलं काम मी पुढे नोकरीत एकोणतीस वर्षांत केलं नाही.

परवा हे प्रकरण लिहून झाल्यावर ताईला फोनवरून वाचून दाखवलं. ती आता दर्यापुरात असते, निवृत्त मुख्याध्यापिका, फोनवरसुद्धा खडू हातात धरल्यासारखी बोलते. तिनं तीन गोष्टी खोडायला सांगितल्या. मी दोन खोडल्या. तिसरी ही, की सुधाकर तिला दाखवायला आणलेला मुलगा नव्हताच. दोघं अमरावतीला एकाच कॉलेजात डी.एड. करत होती. दोन वर्षं त्यांनी एकमेकांच्या पाठ-टाचणाच्या वह्या वाचल्या होत्या, आणि मध्यस्थाकरवी स्थळ ‘सहज’ आल्यासारखं करायला त्यांना चार महिने लागले होते. घरात हे फक्त मला ठाऊक होतं. ताईनं ते मला मुद्दाम सांगितलं होतं. ती म्हणाली, तू कोणाला सांगितलंस तरी कोणी खरं धरणार नाही.

तर अशा वेळी अण्णाजी विचारत होते, पणजी कोण होती.

त्यांचं म्हणणं सरळ होतं, आणि चीड यायची ती त्याचीच. पणजोबा गोरा साहेब, मग पणजी मेम असेल. मेम असेल, तर तुम्ही कोण? आणि मेम नसेल तर. हे वाक्य त्यांनी अर्धं सोडलं, पण दाराआड उभ्या असलेल्या मायनं ते पुरं ऐकलं. ती चहाचा ट्रे तसाच घेऊन मागे वळली.

बाबा पुढे झाले. बाबा म्हणजे जगातला सगळ्यात कमी बोलणारा माणूस. त्यांनी हात जोडून सांगितलं, की हे गिऱ्हाइकाचं चित्र आहे, कोणी न्यायला आलं नाही, म्हणून टांगलं.

“गिऱ्हाइकाचं?” अण्णाजींनी बशी खाली ठेवली. “गिऱ्हाइकाच्या फोटोले तुमी हार घालता? गंध लावता?”

बाबांनी सांगितलं, हो, आमच्याकडे सगळ्यांना लावतात. अण्णाजींनी चारी भिंती पाहिल्या. एकतीस परके लोक गंध लावून, हार घालून त्यांच्याकडे पाहत होते. यापेक्षा खोटं वाटेल असं खरं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. मी मध्ये पडलो. मी खरं सांगायला लागलो, पहिल्यांदाच, आणि मला ते काही केल्या जमेना. मी म्हटलं, पणजोबा नाहीत, मी थाप मारतो, साऱ्या अकोल्याला ठाऊक आहे. अण्णाजी म्हणाले, साऱ्या अकोल्याला ठाऊक आहे म्हणजे गाव जाणतं. मी म्हटलं, पाठीवर नंबराची चिठ्ठी असेल. हे बोलताक्षणी मला आठवलं की ती मीच काढलेली आहे. पण तोवर नाझरांनी चित्र खाली उतरवून उलटं केलं होतं.

ते सतरा ओळी मोठ्यानं वाचत गेले. ‘आमचे परमपूज्य पणजोबा’ इथपासून देवमाशापर्यंत. सुधाकरच्या वडिलांनी पोहे खाणं थांबवलं. सुधाकर ताईकडे पाहत होता, ताई जमिनीकडे. वाचून झाल्यावर अण्णाजींनी कागदावरून नख फिरवलं, वास घेतला, आणि म्हणाले की कागद जुना आहे, शाई जुनी आहे, कोर्टात चालेल. मी ओरडलो, की तो माझ्या हातचा आहे. त्यावर ते म्हणाले, “बाळा, घराची लाज झाकाले तू आता काईबी सांगशीन.”

जाताना त्यांनी आठ दिवस दिले. चित्राचा मालक आणा, त्याच्या तोंडून ऐकू; नाहीतर रामराम.

पाहुणे गेल्यावर बाबांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते चार पायऱ्या चढून दुकानात गेले आणि कुणाच्या तरी फोटोच्या काचेवर हिरकणी चालवू लागले; काच तडकली, तरी शिवी आली नाही. माय ताईजवळ बसली. ताईनं न उचललेल्या बशांमधले पोहे एका पातेल्यात भरले आणि माझ्या पुढ्यात ठेवून दिले. म्हणाली, “खा आता. आन उद्या पातूरले जा.”

वहीत ओळ होती. ‘पातूर. सिस्टरबाई. जुनं चित्र, मोठं.’ बाबांना पाच वर्षं हे ठाऊक होतं आणि पातूर एसटीनं तासाभरावर. पण गिऱ्हाइकानं आपल्या पायांनी यावं, आपण दारात जाऊन उभं राहिलं तर ती वसुली वाटते, हा बाबांचा दुसरा कायदा. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघालो. गाडीत माझ्या मांडीवर एका बाईची कोंबडी होती आणि तिनं पातूर येईपर्यंत माझ्या विजारीवर जे केलं, ते मी वाढवून सांगायची गरज नाही.

सिस्टरबाई सापडायला वेळ लागला नाही. दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, अख्खं पातूर तिच्याच हातून जन्माला आलेलं, त्यामुळे गावात तिचा पत्ता विचारला तरी लोक आधी स्वतःच्या जन्माची हकिगत सांगत. ती अंगणात लाल मिरच्या वाळत घालत होती. मी सगळं एका दमात सांगितलं. चित्र, पणजोबा, ताई, सुधाकर, अण्णाजी. खोटं एक अक्षर घातलं नाही. तिनं मिरच्या सारख्या करत करत ऐकलं आणि म्हणाली, “थे चित्र कोनाले पायजे होतं, बाप्पा? मले तं फ्रेम पायजे होती.”

मला आधी कळेना. मग कळलं. एका जुन्या बंगल्यातलं सामान निघालं तेव्हा तिथल्या खानसाम्याच्या बायकोनं तिला बाळंतपणाची आठवण म्हणून ते चित्र दिलं होतं. सिस्टरबाईचा नवरा तेव्हा नुकताच वारलेला. तिनं ते बाबांकडे टाकलं ते साहेब काढून टाकण्यासाठी आणि त्या सोनेरी फ्रेममध्ये नवऱ्याचा फोटो बसवण्यासाठी. फोटो दुसऱ्या दिवशी आणून देते म्हणाली, पण नवऱ्याचा धड एकही फोटो घरात सापडला नाही. मग फ्रेमचं काय करायचं, म्हणून गेलीच नाही. म्हणजे ज्या साहेबाला मायनं पाच सर्वपित्र्या घातल्या आणि ज्याची मी देवमाशाशी ओळख करून दिली, तो मुळात काढून फेकण्यासाठी आमच्या दुकानात आला होता.

मी विचारलं, याचं नाव तरी ठाऊक आहे का? तर ती म्हणाली, नाव होतं की, पितळेच्या पट्टीवर होतं, चित्राच्या खाली ठोकलेली. चांगली पितळ होती, म्हणून ती तिनं बाबांकडे टाकण्याआधी उचकटून घेतली होती. पट्टी कुठे आहे? दारावर, कडीखाली. मी धावत गेलो. पट्टी तिथे होती, आरशासारखी चकचकीत. तिच्यात मला माझं तोंड दिसलं, बाकी काहीच नाही. बाई मागून अभिमानानं म्हणाली, चार ओळी होत्या इंग्रजीत, बारीक बारीक; पण ती दर दिवाळीला चिंच आणि राख लावून पट्टी घासते, आजवर एक डाग पडू दिला नाही. मी पट्टीवरून बोट फिरवलं. एका कोपऱ्यात एक आकडा लागला, सहा किंवा आठ. कोणत्या जहाजावर होता, कुठे लढला, कुठे बुडाला, का म्हातारा होऊन अंथरुणात मेला, सगळं चिंचेत गेलं. मी दाराला डोकं टेकवून उभा राहिलो. बाई म्हणाली, पाणी आणू का?

आजही चिडतो मी त्यावर. तो साहेब आता अमरावतीला माझ्या घरात आहे. मागच्या वर्षी नातवानं मोबाइलवर त्याचा फोटो काढून विचारलं, हा कोण? मोबाइलनं तीन नावं काढली, तीन देशांतली. एकाचे कल्ले जुळेनात, एकाची बटणं, आणि तिसरा असले कोट निघायच्या आधीच मेलेला. नातू म्हणाला, आजोबा, तुम्हीच सांगा ना याची गोष्ट. मी त्याला हाकललं.

असो. सिस्टरबाई यायला तयार झाली. तिचं एकच म्हणणं, अमरावतीला ती कधी गेली नाही, तेवढंच पाहणं होईल. आठव्या दिवशी आम्ही दोघं अण्णाजींच्या घरी पोचलो. मी चित्र चादरीत गुंडाळून बगलेत मारलेलं. मूर्तिजापूरला गाडीत कुणीतरी विचारलं, काय आहे? मी म्हटलं, काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

अण्णाजींनी बैठकीत कोर्ट मांडलं होतं. स्वतः खुर्चीवर, सुधाकरचे वडील भिंतीशी, आणि सुधाकर खाटेवर शाळेच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन लाल शाईनं तपासत बसलेला. सिस्टरबाई दारातूनच अण्णाजींना म्हणाली, तुमच्या डोळ्याखाली सूज आहे, मीठ कमी करा. मग साक्ष झाली. चित्र तिचं. तिनं टाकलेलं. साहेब कोणाचा पणजोबा? कोणाचाच नाही. अण्णाजींनी माझ्यासमोर कागद-पेन ठेवलं आणि त्या सतरा ओळी लिहायला सांगितल्या. मी न पाहता लिहिल्या, सहीसकट. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून भिंग लावून पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, सिद्ध झालं. घर स्वच्छ आहे, रक्ताचा प्रश्न नाही.

चहा आला. तो कप मी ज्या आनंदात प्यालो, तसा कप मला पुढे मिळाला नाही. कप रिकामा होईपर्यंतच तो टिकला.

“रक्त साफ हाय,” अण्णाजी म्हणाले. “पन पोट्टा बारा वर्साचा असताना एवढा मोठा खोटा कागद करते, आन बाप थो कागद चार वर्सं भिंतीवर ठेवते. आज पणजोबा बनवला, उद्या काय बनवतीन? असं घर आमाले नाही चालत.”

मी म्हटलं, अण्णाजी, आठ दिवसांपूर्वी तुम्ही रक्त खोटं म्हणून नको म्हणत होतात, आता तोंड खोटं म्हणून नको म्हणता. आम्ही नेमकं कोणत्या बाजूनं खरं असायचं? मी बाबांबद्दल सांगितलं, बाबांनी खरंच सांगितलं होतं. मायबद्दल सांगितलं. मग बोलायचं काही उरलं नाही, तेव्हा मी सुधाकरकडे पाहिलं. सिस्टरबाईनंही पाहिलं. त्याचे वडील पाहू लागले. सुधाकरनं पेनाला टोपण लावलं. आता बोलेल, असं मला वाटलं. त्यानं टोपण पुन्हा काढलं आणि पुढची वही उघडली.

परतीच्या गाडीत सिस्टरबाई खिडकीला डोकं लावून झोपली. मी बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत एकच काम केलं. ताईला काय सांगायचं ते जुळवलं. खरं मी आठ दिवस सांगून पाहिलं होतं. त्यानं कोणाचं भलं झालं नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा ताई चुलीपुढे भाकरी थापत होती. माय आणि बाबा दुकानात. मी पाटावर बसलो आणि सुरू केलं. सांगितलं, की अण्णाजींनी नाही म्हणताच सुधाकर ताडकन उठला. वह्यांचा गठ्ठा जमिनीवर पडला, लाल शाई सांडली, त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडाली. तो काकांना म्हणाला, की लग्न केलं तर सुमनशीच, नाहीतर जन्मभर शाळेतच राहीन. काकांनी हात उगारला. वडील मध्ये पडले. वडील रडले. सुधाकर दारापर्यंत माझ्या मागे आला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, तिला सांग, मी हरलो पण मागे हटलो नाही. त्याच्या डोळ्यांतलं पाणी मी स्वतः पाहिलं. मी शाई कुठे कुठे उडाली तेही सांगितलं. त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं होतं, तेही. पणजोबांच्या अख्ख्या कारकिर्दीत मी इतकं मन लावून काही सांगितलं नव्हतं. सांगता सांगता माझा आवाजही भरून आला, आणि तो भरून आणलेला नव्हता.

ताईनं तव्यावरची भाकर उलटली. ती फुगून वर आली, तशी तिनं ती विस्तवाशी उभी केली आणि दुसरा गोळा हातावर घेतला.

“म्हंजे थो काहीच नाही बोलला,” ती म्हणाली.